कळंबच्या बंगलीचा आठवा खांब

हे खरं घडलंय. खोटंच सांगायचं असतं तर स्वतःला जरा बरा दाखवला असता.

जागा कर्जतजवळचं कळंब. मागच्या वर्षीचा भाद्रपद, दुपारचे तीन. लख्ख ऊन होतं.

मी वाल्मिक. जुन्या इमारतींचं लाकूड तपासतो. तिथल्या एका रिसॉर्टच्या बागेत शंभर वर्षांपूर्वीची आठकोनी बंगली आहे. हवा खात बसायला बांधलेली. आठ सागवानी खांब, मधे नक्षीची जाळी, वर कौलं, शेंड्याला लाकडी कमळ.

मे महिन्यात मी ती तपासली होती. खांबावर हातोडी मारायची. भरीव असेल तर टण्, पोखरलेला असेल तर भद्द. सात खांब ठोकले. आठव्यावर गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

मी लिहून दिलं, आठही खांब ठणठणीत.

श्रावणात आठवा खांब खचला. त्या बाजूचं छप्पर खाली जेवत बसलेल्या माळ्यावर, नागूवर आलं. तो जागीच गेला. त्यानेच वेलीसाठी खांबाला तार ताणली, म्हणून खांब पडला, असं रिसॉर्टचे मालक म्हणाले.

मी गप्प बसलो.

भाद्रपदात उरलेले खांब बघायला गेलो. नागूच्या बायकोला, मैनाबाईंना, खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

पहिला खांब... टण्.

सातव्यापर्यंत सगळे टण्. मी हातोडी पिशवीत टाकली.

आणि आठव्या जागेवरून... भद्द.

तिथे खांबच नव्हता. खालचा दगड तेवढा उरला होता.

घामाघूम होऊन मी बागेमागच्या मैनाबाईंच्या खोलीवर गेलो. त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "यांनी तार ताणली म्हणून खांब पडला, असं सगळी बोलतात. खरं हाय का, साहेब?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी नवऱ्याच्या वतीने माझी माफी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाईत उठलो आणि सवयीने बोलून गेलो, "येतो."

दुखवट्याच्या घरातून निघताना असं म्हणत नाहीत. मैनाबाईही 'या' म्हणाल्या नाहीत.

पण बंगलीकडून... अगदी शांतपणे...

"या, साहेब."

मैनाबाईंनी दाराची चौकट धरली. "आवाज यांचाच हाय," त्या म्हणाल्या. "मला इतक्या दिवसांत एक शब्द बोलले नायत. तुमच्याशीच का बोलले?"

मी पिशवी उचलून निघालो.

कळंबचं काम आता मी घेत नाही. तुम्हाला सगळं सांगितलं. मैनाबाईंना अजून सांगितलेलं नाही.