बाल्कनीतली जास्तीची टाइल

नवरा औषधांच्या कारखान्यात कॅमेरे बसवतो. ट्रेचा फोटो काढला की त्यातल्या गोळ्या मोजून सांगणारं ॲप त्यानं बनवलं होतं. रविवारी दुपारी सहज म्हणून त्यानं ते आमच्या बाल्कनीच्या फरशीवर चालवून पाहिलं. कॅरमच्या सोंगटीहूनही लहान, पांढऱ्या, चौकोनी टाइल्स. काचा लावून बंद केलेली ही जागा म्हणजे आमच्या चार वर्षांच्या लेकीचं राज्य.

"सात हजार नऊशे एकोणीस," तो म्हणाला.

"चुकलं. ती मूळ संख्या आहे."

"झालं! बाईंचं गणित जागं झालं."

"अरे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. तेवढ्या टाइल्सच्या सारख्या ओळी लागूच शकत नाहीत. आणि इथे एकही टाइल कापलेली नाही, बघ."

खडूनं खुणा करत मोजलं. चौऱ्याहत्तर ओळी, प्रत्येकीत एकशे सात. गुणाकार सात हजार नऊशे अठरा. मग स्टूल सरकवलं, पडदा ओढला, पुन्हा फोटो काढले. दर वेळी एक जास्तच. ट्रेमधल्या गोळ्या मात्र ॲप बिनचूक मोजत होतं.

"तिला कुठल्याच ओळीत घेत नाहीत," लेक दारातून म्हणाली.

"कुठली गं ती? दाखव बोटानं."

"दाखवलं की लपते."

नवरा हसला. मला हसू येईना. दोन आठवडे पोर या बाल्कनीतून उठायला बघत नव्हती. जेवायला दहा हाका माराव्या लागत. जवळ घेतलं तर अंग चोरायची. डॉक्टर म्हणाल्या, या वयात मुलं रमतात अशी, तुम्हीच जरा काळजी कमी करा. मी मान डोलावली आणि घरी येऊन बाल्कनीच्या दाराला वरून कडी बसवली. ती रडली नाही. दाराला गाल लावून आत कुणाशी तरी बोलत राहिली. शेवटी मीच कडी काढली.

आता ती आत गेली आणि मधोमध मांडी घालून बसली.

"राणीसरकार, हलू नका," नवरा म्हणाला. "तुमच्याखालच्या झाकल्या गेल्या. आता आकडा उतरणारच."

क्लिक.

"किती?" मी विचारलं.

"तेवढाच."

फोटोत लेक स्वच्छ दिसत होती. लाल फ्रॉक, विस्कटलेली वेणी. खाली सात हजार नऊशे एकोणीस.

"ऊठ बाळा."

"मी उठले तर ती परत एकटी."

मी ओढलं नाही. ओढून आणलेली पोर नुसती अंगानं येते, एवढं मला कळून चुकलं होतं. आत जाऊन शेजारी बसले, तिला मांडीवर घेतलं. या वेळी तिनं अंग चोरलं नाही. गळ्यात हात टाकले.

"आता काढ," मी म्हणाले.

क्लिक.

"याही वेळी तेवढाच," त्यानं फोटो मोठा करून बघत सांगितलं. मग वर न बघताच, अगदी हळू म्हणाला, "फरशी किती गारठलीय. उठा दोघी."

मी तळहात खाली टेकवून पाहिला.

मला गार लागत नव्हतं.