पावणेदोन पट शाळा

"वहिनी, ही मुलगी रडतेय," सुधाकर दारातूनच म्हणाला.

"मग आत घ्या ना तिला, भावजी. दारात कशाला रडवताय?"

अलका देवस्थळी जन्मभर इमारतींची गणितं तपासत आली होती. निवृत्त होऊन राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरात लेकीकडे राहायला आली, तरी लोक आपली बिघडलेली गणितं घेऊन तिच्याकडे येतच. आजची रुचिरा तर घरचीच; अलकाच्या दिवंगत पतीने, श्रीरंगने, गाझियाबादला काढलेल्या ऑफिसातली इंजिनिअर.

"मावशी, एका शाळेचं काम आहे. भूकंपात इमारतीचा एक हेलकावा अर्ध्या सेकंदाचा, असं सोमवारी सॉफ्टवेअर सांगत होतं. मंगळवारी तीच फाइल शून्य पूर्णांक सहासष्ट दाखवायला लागली. राजीव सर म्हणतात, मी ठेकेदाराशी मिळून खांब बारीक केले. लॉगिन माझंच आहे. आज संध्याकाळी काढून टाकणार मला."

"भूकंपासाठी कुठलं कुठलं वजन धरलं, ती यादी छापलीयस?"

"ती आम्ही कधीच छापत नाही. स्क्रीनवरच असते."

तासाभरात तिघं ऑफिसात पोचली. कोपऱ्यात श्रीरंगचा ड्रॉइंग बोर्ड अजून उभा होता. सुधाकरने शेजारचा गणितांचा एक जुना गठ्ठा उघडला. प्रत्येक पानावर पहिली ओळ तांबड्या पेन्सिलीतली: 'इमारतीचं स्वतःचं वजन'. दादाचं ते ठसठशीत अक्षर! याच बोर्डाशेजारी तो दादाचा डबा आणून ठेवायचा, आणि दादा निम्मी पोळी त्यालाच भरवायचा. सुधाकरने चष्मा पुसला.

"सीधी बात आहे, मॅडम," राजीव म्हणाला. "इमारत सावकाश डुलते, म्हणजे खांब बारीक."

"हाताने काढलं तर भूकंपासाठी धरायचं वजन किती?"

"आठशे टन. सहाशे काँक्रीट; बाकी फरशी, भिंती, मुलं."

"आता फाइलीची सोमवारची प्रत आणि मंगळवारची, दोन्हींत इमारत सारख्याच जोराने आडवी ढकलून बघ."

राजीवने बघितलं. दोन्हीकडे इमारतीचा माथा अगदी तेवढाच सरकला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

शेजारच्या टेबलावरचा नीरज म्हणाला, "मी मंगळवारी पानिपतला साइटवर होतो. पण ही रुचिरा मॅडम जेवायला जाते ना, मशीन चालूच! पासवर्ड टाकायचा आळस."

"तू गप रे!" रुचिरा लाजली.

सर्वांत जुने ड्राफ्ट्समन विश्वनाथकाका चहा घेऊन आले. "मी त्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावत नाही, बाई. पण पोर गुणी आहे. यादीत पहिली ओळ विसरली, एवढंच. हल्लीची मुलं विसरतातच."

अलकाने कप खाली ठेवला. "राजीव, खांब तसेच आहेत. बारीक असते, तर माथा जास्त सरकला असता."

"मग डुलते का सावकाश?" सुधाकरने विचारलं.

"भावजी, फांदीवर एक माकड बसलं तर ती भराभर हलते. तीन बसली तर?"

"सावकाश."

"तसंच. फांदी तीच, माकडं वाढली. हेलकाव्याचा वेळ जितक्या पट झाला, त्या आकड्याला त्यानेच गुणलं, की वस्तुमान किती पट झालं ते कळतं. इथे पावणेदोन पट. आठशेचे चौदाशे. वाढले किती?"

"सहाशे," राजीव पुटपुटला. "काँक्रीट!"

"दोनदा मोजलं गेलं. हे सॉफ्टवेअर काँक्रीट आपण होऊन धरतं. यादीत फक्त उरलेलं लिहायचं. रुचिराने तसंच लिहिलं होतं. मग जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी चालू मशीनवर यादीत सगळ्यांत वर एक ओळ घातली." ती हळूच वळली. "न छापलेली यादी तुम्ही कुठे पाहिलीत, विश्वनाथ?"

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला. "पोरीला बोलणी बसतील, म्हणून गुपचूप भरली हो. श्रीरंगसाहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, पहिली ओळ स्वतःच्या वजनाची. खांबांचं ऐकलं, तेव्हा वाटलं, ते वेगळंच काहीतरी." त्यांनी कोपऱ्यातल्या बोर्डाकडे पाहिलं. "साहेब चुकले का, बाई?"

"नाही हो. कागद आपण होऊन काहीच धरत नव्हता. त्यांचं बरोबरच होतं."

सुधाकरने मान फिरवली. वहिनीचे डोळे त्याला पाहायचे नव्हते.

राजीवने रुचिराच्या नावाचं बडतर्फीचं पत्र फाडलं. "सॉरी, रुचिरा. मी आधी मोजायला हवं होतं."

रुचिराने शेजारची खुर्ची ओढली. "काका, बसा. मशीन काय काय आपण होऊन धरतं, दाखवते."

काका बिचकत टेकले. "सावकाश सांग हं, बेटा."