मरियाबाईची पायरी

चपला बाहेर काढल्यात ना सगळ्यांनी? मग बसा. ही ऐकीव गप नाही पोरांनो. आपला नॅथन, टेम्पोवाला, त्याच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

गेल्या नाताळाच्या आधीचा शनिवार. रात्री साडेनऊला नॅथन बेलापूरहून जनरेटर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दुरुस्त केलेल्या दगडी चर्चचं उद्घाटन होतं. दीडशे वर्षांची इमारत, सरकारनं वारसा म्हणून जाहीर केली आणि दुरुस्तीचा ठेका आप्पासाहेबाला दिला. नाव मोठं, लक्षण खोटं! दारातल्या पायरीला दगड कमी पडला, तर या गड्यानं मागच्या कबरस्तानातली मरियाबाईची शिळा उपटली आणि नाव खाली करून बसवली. चर्च बांधताना जिनं डोक्यावरून दगड वाहिले, तिची शिळा! मला आजही चीड येते.

मरियाबाईची पणती हेलन, सत्तरीची बाई, हात जोडून म्हणाली, "साहेब, पणजीच्या छातीवर पाय देताय. शिळा जाग्यावर ठिवा. न्हाईतर निदान बूट तरी काढा."

"बूट व्हय?" आप्पासाहेब हसला. "ते आता मेल्यावरच निघत्याल."

तर नॅथन पोचला, तेव्हा आप्पासाहेब त्याच पायरीवर उभा होता. एकटाच. हातात मोबाईलची बॅटरी.

"नॅथन... पाय उचलंना रं."

नॅथनला वाटलं, घेतलीय यानं. काखेत हात घालून ओढलं. माणूस हलतोय, बूट हलत नाहीत.

"लेस सोडा, साहेब."

तो वाकला. आणि तसाच राहिला...

"काय झालं?"

"खालून कुनीतरी... धरलंय."

बॅटरी विझली.

नॅथन टेम्पोचे दिवे लावायला पळाला. दिवे लागले. पायरीवर नुसते बूट.

हाक नाही. ओरडणं नाही...

नॅथननं पळत येऊन मला उठवलं. मागं कबरस्तानात, शिळा उपटलेल्या खड्ड्यात आप्पासाहेब सापडला. उताणा. अनवाणी. तोंडात माती. गेलेला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेल बाबा. मी म्हणतो, मरियाबाईनं सोडला नाही त्याला. शिळा दुसऱ्या दिवशी जागेवर गेली, हेलननं पदरानं पुसली.

त्या रात्री पायरीवरचे बूट नॅथननं उचलले, तेव्हा मी शेजारीच होतो. आता सहज निघाले. मी बॅटरी धरली.

दोन्ही लेस तशाच होत्या... घट्ट, दुहेरी गाठ मारलेल्या.