बुटकी होत चाललेली बाकं

"दौलत, हलू नकोस! माझी वीत चुकतेय!" नलू बाकाच्या पायाशी उकिडवी बसून ओरडली.

"मी कुठे हलतोय? हे बाकच हलतंय!"

"दोन वीत!" नलूने जाहीर केलं. "काल याच बाकाची उंची दोन वीत चार बोटं होती. एका दिवसात चार बोटं गायब!"

शैला काचकागद हातात धरून नुसती बघत राहिली. तिघंही परळच्या एका चाळीमागच्या शाळेतली, नुकतीच चौथी पास झालेली. १९५८ सालची मे महिन्याची सुट्टी चालू होती. शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवी काढायची म्हणून गिरणीकामगारांनी पगारातून रुपया-रुपया दिला, त्यातून आठ जुनी बाकं आली आणि पैसे संपले. पुढची दुरुस्ती ज्याने त्याने आपला वेळ देऊन करायची होती. मुलांच्या वाट्याला बाकं घासणं आलं. सोमवारी शाळाखात्याचे साहेब येणार होते. धड बाकं दिसली तरच पाचवीला परवानगी!

शैलाला ती परवानगी हवीच होती. तिची आई सुंदराबाई गिरणीत जायची. तिने एकदाच सांगितलं होतं, "इथं पाचवी निघाली तर शीक. दादरच्या शाळेत एकटी पाठवणार नाही. नाहीतर घरी राहा नि भावाला, बारक्याला सांभाळ." शैलाने भांडून पाहिलं, रडूनही पाहिलं. उपयोग शून्य.

"वाळवी लागली असेल," दौलत म्हणाला.

"वाळवी करवतीने कापते का रे? हा भुसा बघ!"

तिघं मुख्याध्यापकांकडे गेली. नाना गुरुजी व्हरांड्यात सभेचे फलक रंगवत होते. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' यातला 'च' त्यांना ठसठशीत हवा होता. "बाकं ना?" ते मान वर न करता म्हणाले. "माणसं येतायत, कामं होतायत! तुम्ही घासा!"

"मग आपणच पाळत ठेवू!" शैला म्हणाली.

शनिवारी सकाळी सातलाच तिघं वर्गातल्या सतरंज्यांच्या ढिगामागे दडून बसली. सव्वासातला गिरणीतली रात्रपाळी संपवून चिंतामणी दुरुस्तीला आला. त्याने एक बाक दाराशी ओढलं, बसून पाहिलं, डुगडुगणारा पाय शोधला आणि बाकीचे पाय त्याच्या मापाने कापून टाकले. मग समाधानाने झोपायला गेला.

दहाला राजाराम आला. त्याची पाळी दुपारची. त्याला उजेड हवा होता, म्हणून त्याने तेच बाक खिडकीशी नेलं. तिथे ते पुन्हा डुगडुगलं! "कुणी केलंय हे येड्यासारखं काम!" असं म्हणून त्यानेही करवत काढली.

मुलं आळीपाळीने जेवून आली. चारला सकाळपाळीचा दत्ताराम आला. त्याने ते बाक वाऱ्यासाठी खोलीच्या मधोमध ओढलं. आता मात्र दौलतला राहवेना. त्याने उडीच मारली.

"काका, कापू नका! सकाळपासून तिसऱ्यांदा कापतायत त्याला!"

"गप रे झिला! मोठ्यांच्या कामात लुडबूड नको. डुगडुगता ता कापूकच व्हया!"

उडी मारताना दौलतच्या खिशातली गोटी पडली होती. ती थांबेचना. आपली आपण घरंगळत भिंतीशी गेली.

"लादी खचलीय!" नलू ओरडली. "जमीनच वाकडी आहे! बाक कुठेही न्या, डुगडुगणारच!"

करवतीच्या आवाजात दत्तारामला काही ऐकू गेलं नाही. आठांपैकी पाच बाकं अशीच बुटकी झाली होती.

"एकेकाला सांगून कुणी ऐकणार नाही," शैला म्हणाली. "तिघांना एकाच वेळी इथे आणायचं. उद्या रविवार, गिरण्या बंद!"

संध्याकाळी ती तिघांना वेगवेगळं गाठून आली, राजारामला तर सुट्टीत गिरणीच्या फाटकाशी. "काका, उद्या नऊला शाळेत चहा आहे. तुमचं काम बघायला माणसं येणारेत." यात खोटं काहीच नव्हतं. चहा नलूची आई करणार होती.

रविवारी तिघे कामगार शाळेच्या दारातच भेटले.

"अरे, तू इथे?"

"तू रे कशाला?"

तिघेही एकाच खोलीत राहायचे, एकच खाट आळीपाळीने वापरायचे. पण या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणून शाळेच्या कामाबद्दल कुणीच कुणाला बोललं नव्हतं! आणि नाना गुरुजींनी प्रत्येकाला "तुमच्या सोयीने या" एवढंच सांगितलं होतं.

शैला एका बुटक्या बाकावर जाऊन बसली. तिचे गुडघे हनुवटीला टेकले. नलूने गोटी ठेवली, ती सरळ चहाला आलेल्या गुरुजींच्या पायाशी आली. दौलत तेवढा हसला.

"म्हणजे काल ह्यो सांगत होतो ता खरा!" दत्ताराम पुटपुटला.

बारक्याला कडेवर घेऊन आलेल्या सुंदराबाई म्हणाल्या, "संयुक्त महाराष्ट्र होईल तेव्हा होईल, गुरुजी! आधी ह्या तीन पाळ्या संयुक्त करा!"

"पण लाकूड कुठून आणू? एक आणा शिल्लक नाही," गुरुजींचा आवाज पडला.

तिघा कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. चिंतामणी बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परतला, तो डोक्यावर खाट घेऊन.

"अहो, झोपाल कुठे?" गुरुजींनी विचारलं.

"जमिनीवर! खाटेत ढेकूणच जास्त झोपायचे."

खाटेच्या पायांचे आणि दांड्यांचे ठोकळे झाले, ते बाकांच्या पायांना ठोकले गेले. लाद्या उकरून खाली वाळू भरली. मुलांनी घमेली वाहिली, गुरुजींनी प्रथमच ब्रश सोडून थापी धरली. संध्याकाळपर्यंत आठही बाकं एका उंचीला आली.

सोमवारी साहेब प्रत्येक बाकावर स्वतः बसले. एकही डुगडुगलं नाही! त्यांनी परवानगीवर सही केली आणि दुरुस्तीचं कौतुक केलं.

"हात मोठ्यांचे, साहेब," गुरुजी म्हणाले. "पण शाळा वाचवली ती ह्या तिघांनी! आम्ही शहाणी माणसं नुसती कापत सुटलो होतो. शाबास रे पोरांनो!"

शैला धावत आईकडे गेली. "आई, पाचवी निघाली! पण बारक्याला...?"

"शेजारच्या जाईबाई सांभाळणारेत. कालच विचारून आले."

"कालच? साहेब यायच्या आधी? आणि ते नाही म्हणाले असते तर?"

"तर दादरला मी स्वतः सोडलं असतं तुला," सुंदराबाई म्हणाल्या. "माणसं झोपायची खाट देतात, नि मला पोरीसाठी दादरपर्यंत चालवणार नाही होय? चल, नाव घालू."