येळवशीच्या वाटेवरचं बारसं

सत्यम, तो मोबाइल पालथा ठेव बाबा. उजेडात ही गोष्ट सांगायची नसते. आणि दार लोटून घ्या, वारं लई गार सुटलंय.

लांबची गोष्ट न्हाई ही. आपल्या रेणापूरच्या व्यंकटरावाची बायको महानंदा, तिच्यासोबत झालेली. तिनं स्वतः तुमच्या आजीला सांगितली. मी आतल्या खोलीत चहा घेत होतो. ऐकता ऐकता कप हातातच राहिला.

दोन हजार चोवीसची येळवस, आपली वेळ अमावस्या. सोमवारी आली होती, म्हणजे सोमवती. महानंदाचं माहेर मुरुडचं. तिथं तिची म्हातारी आई गुणाबाई, धाकटा भाऊ भागवत आणि त्याची बायको शिल्पा. बऱ्याच नवससायासांनी शिल्पाला मुलगी झाली होती. शिल्पाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून महानंदा आधीच येऊन राहिली होती.

तुम्हाला माहितीच आहे, येळवशीला गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळं गाव रानात. भागवतच्या शेतातही कडब्याची कोपी उभी केली होती, पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे. पंगतीला लातूरहून आलेले पाव्हणे. बाळंतीण आणि बाळ तेवढे घरी, आणि त्यांच्यापाशी शेजारची जन्नतबी.

जेवताना विषय निघाला नावाचा.

गुणाबाई म्हणाली, "माझं ऐका, लक्ष्मी ठिवा. येळवशीच्या तोंडावर आलीय पोर."

भागवत हसला. "माय, लक्ष्मी म्हणलं की डोक्यावर टोपलं घेतलेली बाई दिसती. अन गुणाबाई म्हणलं की तपकिरीचा वास येतो!"

"मेल्या, ह्याच तपकिरीच्या हातानं तुला मोठा केला!"

सगळी पंगत हसली. कोणी म्हणालं, नाव दोन अक्षरी पाहिजे, हाक लांब जाते. कोणी म्हणालं, अवघड पाहिजे, मास्तर लक्षात ठेवतो. भागवत म्हणाला, "शिल्पाचं म्हणणं, नाव असं पाहिजे की नुसतं ऐकून समोरच्यानं खुर्ची सरकवली पाहिजे. ठरवलंय आम्ही. पण आत्ता सांगायचं न्हाई."

महानंदाही हसत होती. वरवर. आत काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक.

कारण त्याच शेताच्या बांधावर, बोरीच्या खाली, तिची स्वतःची लेक होती. अकरा वर्षांमागं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आणि बारशाच्या आधीच पोर गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. तिथंच मातीत ठेवलं. त्यानंतर महानंदाची कूस उजवली नाही.

त्या पोरीसाठी तिनं एक नाव ठरवलं होतं. ती शाळेत असताना एक बाई बदली होऊन आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर नाव लिहिलं आणि दंगा करणारा वर्ग गप्प झाला. तेव्हाच महानंदानं मनात म्हटलं, मला मुलगी झाली तर हेच. बारशाआधी नाव उच्चारू नये म्हणतात, म्हणून तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. पोर गेली. नाव पोटातच राहिलं.

उन्हं कलायला लागली तसा जन्नतबीचा मुलगा तय्यब आंबील प्यायला आला. त्याचं बॅनर छापायचं दुकान. काखेत गुंडाळी होती.

"भागवतभाऊ, हे घ्या तुमचं. मेरे आदमी ने तीन दफा चुकवलं. काय नाव काढलं राव तुम्ही!"

भागवत नको नको म्हणेपर्यंत त्यानं बॅनर उलगडलासुद्धा. गुलाबी ढग, पाळणा, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत: मृण्मयी.

महानंदाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"काय लिवलंय?" गुणाबाईनं विचारलं.

"मृण्मयी, माय. म्हणजे मातीची. मातीतून आलेली."

"मुरमई? मुरमाची पोर?" म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

महानंदा हसली नाही. तिला वाटलं, आपल्या पोटात हात घालून कोणीतरी काहीतरी काढून नेलं. शिल्पाला नवरा प्रेमाचा मिळाला, घर मिळालं, लेक मिळाली. महानंदानं कशाचंही वाईट वाटून घेतलं नव्हतं. पण नावसुद्धा? जगात एवढी नावं असताना हेच? तिची नजर बांधावरच्या बोरीकडं गेली आणि मनात एक वाक्य उठलं. ओठसुद्धा हलले नाहीत तिचे.

हे नाव मातीत गेलंय. जी घेईल ती मातीत जाईल.

उठलं तसं तिनं ते दाबलं. आपणच आपल्याला दचकली. पण मनात आलेलं वाक्य, पोरांनो, परत गिळता येत नसतं.

दिवस मावळला. गडी माणसं कडब्याच्या पेंढ्या पेटवून पिकाभोवती फिरवायला निघाली. जन्नतबीला आता घरी जायचं होतं, बाळंतीण एकटी पडणार. भागवत म्हणाला, "आक्का, तू डबा घेऊन पुढं हो. आम्ही आवरून येतोच."

महानंदा डबा घेऊन निघाली. पांदीची वाट, दोन्हीकडं डोक्याएवढी ज्वारी. लांब रानारानांतून पेंढ्यांचे जाळ फिरत होते, माणसांचे आवाज येत होते. पायाखालची वाट, जन्माची ओळखीची. भीती वाटायचं काहीच कारण नव्हतं.

थोडं गेल्यावर शेजारून पावलं वाजायला लागली.

बघते तर एक मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल. फ्रॉक, मोकळे केस, अनवाणी. येळवशीला शहरातली कितीतरी पोरं रानात येतात. तिला वाटलं, असेल कुणाची तरी.

"कुणाची गं तू? वाट चुकलीस का?"

"न्हाई. घरी चाललेय."

"कोणाच्या घरी?"

पोरगी हसली. "तुमच्याकडं उद्या बारसं हाय ना?"

"हाव. ये की तूही घुगऱ्या खायला."

"नाव काय ठिवणार?"

महानंदाला ते नाव तोंडातून काढवेना. "ठरलंय कायतरी," ती म्हणाली. "तुझं काय नाव?"

पोरगी नुसती चालत राहिली. मागच्या रानातले आवाज आता ऐकू येईनात. ज्वारीची पानं तेवढी सळसळत होती.

"काय गं, नाव विचारलं की सांगावं."

"मला न्हाई."

"म्हंजे?"

"माझं बारसं झालंच न्हाई…"

महानंदाचा पाय अडखळला. डब्याची कडी वाजली.

लांब कुणाच्या तरी रानात जाळ उसळला आणि त्याचा उजेड क्षणभर पांदीत आला. तेवढ्यात तिला दिसलं. पोरीच्या केसांत माती होती. भुवयांत माती. कानांत माती भरलेली… ओली. काळी.

उजेड गेला.

"त्या घरात नवीन पोर आलीय," पोरगी म्हणाली. "तिला पाळणा. तिला टोपडं. मला बघायचीय ती."

"न… नको."

"माझं ते नाव, ते पण तिलाच."

"अगं पोरी…"

"तूच म्हणलीस की मगाशी. जी घेईल ती मातीत जाईल."

ते वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. ते ओठांवरसुद्धा आलं नव्हतं…

"मी नेते तिला," पोरगी म्हणाली.

आणि पुढं झाली.

धावली नाही. चालतच होती. पण महानंदा धावत होती तरी अंतर तुटेना. डबा पडला. चप्पल निसटली. पांद संपली. घर दिसायला लागलं. खिडकीत दिवा होता, आणि जन्नतबी नुकतीच निघून गेलेली. दार नुसतं लोटलेलं…

पोरगी अंगणाच्या फाटकाशी पोचली.

हात वर केला.

कडीला लावला.

"मृण्मयी!"

महानंदाच्या तोंडून हाक गेली. तिनं ते नाव जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

पोरगी थांबली.

मागं वळली नाही. पण थांबली.

"परत म्हण," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"मृण्मयी. तुझंच हाय. तुझंच नाव हाय ते. दुसऱ्या कुणाला देणार न्हाई मी. माझ्या मनात आलं ते पाप होतं गं. त्या लेकराचा काय दोष…"

"असं न्हाई. कानात."

…महानंदा पुढं गेली. तिनं आजीला सांगितलं, ते चार पावलांचं अंतर मी कसं कापलं ते देवाला माहीत. गुडघे टेकले. पोरीच्या कानापाशी तोंड नेलं. पावसाळ्यात नांगरलेल्या रानाचा वास आला. गार… विहिरीच्या तळासारखं गार.

तिनं कानात कुर्रर्र केलं. आणि नाव सांगितलं.

डोळे मिटलेले होते तिचे.

मग उघडले.

फाटक बंद होतं. अंगणात कोणी नव्हतं.

आत शिल्पा झोपेतून उठत होती. बाळ पाळण्यात मूठ चोखत होतं. "काय झालं आक्का? चप्पल कुठंय तुमची?" महानंदानं काही सांगितलं नाही. रात्रभर पाळण्यापाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. भिंतीला बॅनर, फुगे, बायकांच्या रांगा. पाळणा म्हणून झाला. महानंदा बाळाच्या कानाशी वाकली, कुर्रर्र केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सई."

भागवत बायकांमधून पुढं आला.

"आक्का, चुकलं," भागवत हळूच म्हणाला. "मृण्मयी… मृण्मयी."

"चुकलं न्हाई. सई. आत्यानं ठेवलेलं नाव हाय, आता बदलायचं न्हाई."

शिल्पाचा चेहरा लाल झाला. ती बाळंतीण, अंगात बळ नाही, तरी उठून उभी राहिली. "मला सगळं कळतं आक्का! मला लेक झाली ते बघवलं न्हाई तुम्हाला. जळता तुम्ही माझ्यावर! माझ्या पोरीचं नावसुद्धा बघवलं न्हाई!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्यांना ते खरंच वाटलं. महानंदानं मान खाली घातली. जळली नव्हती असं तरी कुठल्या तोंडानं म्हणणार?

एकटी गुणाबाई तेवढी पुटपुटली, "सई बरं हाय. मला म्हणता येतं."

शिल्पानं रडत बाळाला पाळण्यातून उचललं आणि छातीशी धरलं. टोपडं सरकलं. ती एकदम थांबली.

"ही तीट कोणी लावली?"

शिल्पानं तर बाळाच्या कपाळावर काजळाची तीट लावली होती. ही कानामागं होती. दृष्ट लागू नये म्हणून लपवून लावतात ना, तिथं.

शिल्पानं पुसायला कडेला बोट लावलं. बोटाला काळी माती आली. ओली.

महानंदा पुढं येऊन वाकली. उरलेल्या मातीत बोटाचा ठसा उमटला होता, रेघ न रेघ दिसत होती. तिनं आपलं बोट त्याच्याजवळ धरून बघितलं. मग शिल्पाचं धरून बघितलं.

ठशातलं बोट लहान होतं. दहा-अकरा वर्षांच्या पोरीचं असावं, तेवढं.