पत्र्यांच्या पलीकडची घरं

बसस्थानकावर घोषणा देण्याचं काम मी इतकी वर्षं केलं, की घरी मीठ मागितलं तरी समोरच्याला गाडी सुटतेय असं वाटतं. संचारबंदी लागली, गाड्या थांबल्या आणि मी घरी बसले. पेपर येणं बंद झालं. फोनवर बातम्यांचा नुसता पाऊस, पण शेजारच्या घरात काय चाललंय ते कुणाला कळेना. तेव्हा गल्लीतल्या वेल्डरने कुठून तरी एक जुना माईक आणि कर्णा आणून आमच्या गॅलरीत बांधला.

"बाई, तुमचा गळा रिकामा बसलाय," तो म्हणाला. "गल्लीच्या उपयोगी पडू द्या."

म्हणून रोज संध्याकाळच्या चहाच्या वेळी मी गल्लीच्या बातम्या द्यायला लागले. आमची गल्ली पुढून उघडी आणि मागून बंद. पुढे मोठा रस्ता, शेवटी आमचं घर, त्यामागे गोदामाची भिंत. मी गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि एकेक घर घेत आत यायची, थांबे पुकारावेत तशी. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले: तपासणी झाली, घरात सगळे ठणठणीत. त्यांच्या शेजारचे घड्याळजी: रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात, कुणी आणून देईल का. मग बेबीताई: कापडी मास्क शिवून तयार आहेत, फुकट आहेत, पण धुऊन वापरा. बेबीताई म्हणजे माझी नणंद. केस पिकले तरी बेबीच. शिवणकाम करते, एकटी राहते.

ओळीने सगळी घरं झाली की माईक बंद. आमच्या घराचं मी कधी बोलले नाही. ज्या स्थानकातून गाडी सुटते त्याचं नाव कुणी पुकारत नाही, ती सवय. शिवाय घरच्या माणसांची बातमी कोण देतं? त्या दिवसांत घरात सासूबाई आणि मी, दोघीच होतो.

लोक गॅलरीत, खिडकीत, पायरीवर येऊन ऐकायचे. कुणी वरून टोमणा मारायचं, कुणी दुरुस्ती सुचवायचं. आजार सगळीकडे होता आणि भीतीही होती, पण तेवढा वेळ गल्ली जागेवर असल्यासारखी वाटायची.

मग एका घरात रुग्ण सापडला आणि गल्लीच्या तोंडाला पत्रे लावायचा हुकूम आला. खांब ठोकायला वेल्डरलाच धरलं. त्याने ते मोठ्या रस्त्याला लागून, इस्त्रीवाल्यांच्या पायरीच्या पुढे, डांबर फोडून गाडले. दूध-भाजी आत घ्यायला बाजूला एक फट ठेवली. मी वरून सगळं बघत होते. त्यामुळे पत्रे कुठे होते याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

एका दुपारी जेवून मी आडवी झाले आणि उठून गॅलरीत आले तर पत्रे इस्त्रीवाल्यांच्या घराच्या अलीकडे होते.

मला वाटलं, कर्मचारी येऊन सरकवून गेले असतील. पण आवाज कसा झाला नाही? वेल्डर तोंड बांधून बघायला गेला आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

"खांब माझेच आहेत," वर मान करून तो मला म्हणाला. "जोड मी ओळखतो. पण बुडाला शेवाळ धरलंय, बाई. हे इथे वर्षानुवर्षं असल्यासारखे आहेत."

मी मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने काहीतरी तपासलं आणि गोड आवाजात सांगितलं, "तुमच्या गल्लीचे पत्रे योग्य जागी आहेत." इस्त्रीवाल्यांना लावला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणे.

संध्याकाळी मी नेहमीसारखी सुरुवात केली. "कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले..."

"कोण इस्त्रीवाले?" समोरच्या गॅलरीतून मास्तरांनी विचारलं.

मास्तर निवृत्त झालेले, जिभेने तिखट. इस्त्रीवाल्यांनी त्यांची शिडी नेऊन परत दिली नव्हती, त्यावरून दोघांत अबोला होता. मी समजले, टोमणा आहे. पण कुणी हसलं नाही. मास्तर खरंच उत्तराची वाट बघत होते.

काही दिवसांनी घड्याळजींचं घर गेलं. तेही भर दुपारीच. मी माईकवर त्यांच्या गोळ्यांचं विचारलं तेव्हा खिडक्यांतून लोक माझ्याकडे असे बघत होते, जसं घरातलं म्हातारं माणूस बरळायला लागल्यावर बघतात. वेल्डर वर आला, कर्ण्याची वायर उगाच हलवून पाहिली आणि नजर चुकवत म्हणाला, "बाई, थोडी विश्रांती घ्या. गल्ली पत्र्यांपासूनच सुरू होते ना?"

"आणि तुम्ही खांब कुठे ठोकले होते?"

तो जिना उतरून गेला.

मलाही माझी शंका यायला लागली. घरात कोंडून माणसाचं डोकं फिरतं, हे मी ऐकून होते. पण माझी जीभ फिरत नव्हती. घरं पुकारायला लागले की ती ओळीने यायची: इस्त्रीवाले, घड्याळजी, बेबीताई. मधला थांबा गाळायचा म्हटला तर वाक्यच अडायचं.

त्यानंतरच्या आठवड्यात पत्रे बेबीताईच्या दाराच्या अलीकडे आले. मी फोन उचलला. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता.

सासूबाई पंख्याखाली बसून भाजी निवडत होत्या.

"बेबीताईचं घर गेलं," मी म्हटलं.

"कोण बेबीताई?"

"तुमची लेक."

त्यांचे हात थांबले नाहीत. चांगली पानं ताटात, किडकी कागदावर. "मला कुठली गं लेक," त्या म्हणाल्या. "असती तर किती बरं झालं असतं."

त्यांच्या तोंडावर कपडा होता. बेबीताईने शिवलेला, निळ्या फुलांचा. आतापर्यंत मी घाबरले होते. तो कपडा पाहिला आणि माझं डोकं सणकलं. आजाराने माणूस न्यावा, त्यावर माझा काही इलाज नाही. पण आईच्या तोंडून लेकीचं नाव काढून न्यायचं? कुणाच्या हुकमाने?

मी स्टूल घेतलं, खाली गेले, पत्र्यांना लावलं आणि वर चढून पलीकडे पाहिलं.

मोठ्या रस्त्यापर्यंत डांबर होतं. दोन्ही बाजूंना भिंत होती. सलग, गिलावा केलेली, पावसाने काळवंडलेली. तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती, पायरी नव्हती. ऊन लख्ख पडलं होतं आणि भिंतीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

मी वर आले आणि माईक लावला. चहाची वेळ झाली नव्हती.

"गल्लीतल्या सर्वांनी लक्ष द्यावं. तोंड बांधा, अंतर ठेवा आणि खाली या. आपल्याला पत्रे हुकमाप्रमाणे लावायचेत. गल्लीच्या तोंडाला."

काहीजण आले. काही माझी कीव करायला, काही गंमत बघायला. वेल्डर पहार घेऊन आला, बहुधा माझी समजूत काढायला. मी कर्ण्याची लांब वायर खाली सोडली आणि माईक घेऊन पत्र्यांपाशी उभी राहिले.

"ढकला," मी म्हटलं.

त्यांनी ढकललं. पत्रे थरथरलेही नाहीत.

"बेबीताई," मी माईकवर म्हणाले. "शिवणकाम करते. एकटी राहते. जिच्याकडचे मास्क तुम्ही सगळ्यांनी आत्ता बांधलेत."

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कुणी स्वतःच्या कपड्याची शिवण बोटाने चाचपली.

"माझा परकर तिने आखूड शिवला होता," मागून एक बाई हळूच म्हणाली. "दोनदा उसवायला लावला मी."

खांब करकरले.

"बोला," मी म्हटलं. "जे आठवेल ते बोला."

"रेडिओ मोठ्याने लावते."

"उधार देते, पण ऐकवते फार."

पत्रे हातभर सरकले. भिंतीच्या बुडाशी एक पायरी दिसली. मग उंबरा. मग हिरवं दार.

सासूबाई कधी खाली आल्या कळलं नाही. त्यांनी पत्र्याला दोन्ही हात लावले. "लहानपणी बोबडं बोलायची," त्या म्हणाल्या, आणि रडत रडत ढकलायला लागल्या.

"घड्याळजी," मी पुकारलं.

"स्वतःच कधी वेळेवर येत नाहीत," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. पत्रे पुढे गेले. वेल्डर आता पहार लावून घामाघूम झाला होता.

"कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते कपाळाला हात लावून उभे होते.

"शिडी," मास्तर म्हणाले. "त्या माणसाने माझी शिडी नेलीय."

पत्रे धडधडत गल्लीच्या तोंडाला जाऊन उभे राहिले. आम्ही कुठलाही नियम मोडला नव्हता.

दारं उघडली. घड्याळजी बनियनवर बाहेर आले आणि गर्दी कशाची म्हणून विचारायला लागले. इस्त्रीवाल्याने मास्तरांना बघून दार परत लावून घेतलं. बेबीताई गळ्यात टेप अडकवून उंबऱ्यात उभी होती. तिला वाटत होतं, कालच आमची भेट झाली.

तिच्या मागून एक माणूस हात पुसत बाहेर आला. उंच, कानाशी केस पिकलेले, बोटांना यंत्राचं तेल.

"काय हो वहिनी," बेबीताई म्हणाली, "दादाला माझं मशीन बघायला धाडलंत आणि विसरूनच गेलात होय?"

वेल्डरने त्याला हात केला. मास्तरांनी त्याची तब्येत विचारली. सासूबाई म्हणाल्या, "आलास? हातपाय धू."

मला सासू होती, नणंद होती. मग नवरा कसा नाही, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. आमचं घर मी कधी पुकारलंच नव्हतं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ते चांगलं होतं. ते मी कधीही पाहिलेलं नव्हतं. आमच्या जिन्याची एक पायरी तुटकी आहे, तिच्यावर पाय न देता तो वर गेला.

चहाच्या वेळी मी गॅलरीत आले. तो मागे खुर्चीवर बसला होता. मी तोंडापासून सगळी घरं घेतली, एकही गाळलं नाही, आणि शेवटी पहिल्यांदाच आमचं घर पुकारलं. आता कुणी काही न्यायचं म्हटलं तर माझ्या गळ्याशी गाठ होती.

"गल्लीचं शेवटचं घर. सासूबाई बऱ्या आहेत. मी बरी आहे. आणि..."

मी माईकवर तळहात ठेवला, मागे वळले आणि हळूच त्याला नाव विचारलं.

तो आठवायला लागला.