खुर्चीवाला आणि प्रश्नबाई

“रोज अर्धा तास भरभर चालतो,” असं पुटपुटत त्यानं मोबाईलवर बोट टेकवलं, आणि शेजारी बसलेल्या तिला राहवलं नाही.

“खोटं!”

तो दचकला. दाताच्या दवाखान्यातली बाहेरची खोली होती ती. आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि बाहेर बसलेले सगळे आपापला गाल धरून गप्प होते. त्याचा तर उजवा गाल लिंबू कोंबल्यासारखा टम्म फुगला होता.

“काय म्हणालात?”

“काही नाही... सॉरी. म्हणजे — आधी तुम्ही ‘क्वचित’वर बोट ठेवलं होतंत. मग बदललंत. मी बघत नव्हते हं. पण दिसलं.”

“दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावायचं आणि वर त्यालाच खोटारडा म्हणायचं?”

त्याचं म्हणणं बरोबरच होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या तिच्या. पण गप्प बसणंही जमेना, कारण तो प्रश्न तिनंच लिहिलेला होता.

रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार... पाहुण्यासारखे चोरपावलांनी येतात आणि मग घरचेच होऊन बसतात. ते कुणाला गाठतात, कुणाला सोडून देतात आणि का, हे शोधायचं तिचं काम. हजारो माणसं आपापल्या घरी बसून इंटरनेटवर प्रश्नांची उत्तरं देत. काय खाता, किती झोपता, कशाची काळजी करता... काही महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न, अशी वर्षानुवर्षं. ती प्रश्न लिहायची, आलेली उत्तरं चाळायची. उत्तरांवर नाव नसे, नुसता क्रमांक असे. त्या हजारोंपैकी एकही माणूस तिनं आजवर प्रत्यक्ष पाहिला नव्हता. आणि पहिला पाहिला तो असा — गाल सुजलेला, आणि थापा मारणारा!

“तुम्ही लिहिलेत हे प्रश्न?” तिनं ते सांगून टाकल्यावर तो सावरून बसला. “मग बरं झालं भेटलात. हे बघा, ‘दिवसातला किती वेळ तुम्ही बसून असता?’ अहो, माझा धंदाच लोकांना बसवायचा आहे. खुर्च्या, सोफे — फाटलेल्या, दबलेल्या गाद्या नव्यानं भरून देतो मी. लोक बसलेच नाहीत तर मी खाऊ काय?”

“आम्ही तर म्हणतोय, लोकांनी कमी बसावं.”

“म्हणजे माझ्या पोटावर पाय!”

“आणि तुम्ही आमच्या कामात मिठाचा खडा टाकताय त्याचं काय? चालायचं नाही आणि चालतो म्हणून सांगायचं. उद्या तुम्हाला काही झालं तर आमचा हिशेब काय म्हणेल? बघा, एवढा चालणारा माणूस, तरी आजारी पडला. चालून काही फायदा नाही!”

तो हसला, आणि लगेच गाल धरून कळवळला. “हसवू नका हो... फार दुखतंय.”

डोळे मात्र हसतच राहिले. काळेभोर, जरासे थकलेले. तिनं नजर काढून घेतली आणि भिंतीवरच्या दात घासणाऱ्या मुलाच्या चित्राकडे उगाचच लक्षपूर्वक पाहू लागली. थोड्या वेळानं त्यानं मोबाईल तिच्यासमोर धरला. उत्तर बदललं होतं — ‘क्वचित’.

“झालं समाधान, प्रश्नबाई?”

“मला दाखवायचं नसतं,” ती म्हणाली. पण हसू काही लपलं नाही.

आत बोलावणं आलं तेव्हा उठता उठता त्यानं खिशातून दुकानाचं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. “कुरकुरणारी खुर्ची असली तर सांगा.”

आता तिच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमची खुर्ची कुरकुरत होती, हे खरंच होतं. ती गेली दोन वर्षं कुरकुरत होती आणि त्याचं कुणालाही सोयरसुतक नव्हतं, हेही खरंच. पण त्या आठवड्यात तिला एकाएकी मॅडमच्या पाठीची फार काळजी वाटू लागली, आणि खुर्ची टॅक्सीत घालून ती स्वतःच निघाली.

त्याचं दुकान उताराच्या रस्त्यावर होतं. पुढे काउंटर, मागे काम करायची लांबट खोली. काथ्याचा, सरसाचा आणि जुन्या लाकडाचा वास. पाय वर केलेल्या खुर्च्या, पोट उसवलेला एक सोफा आणि त्यातून डोकावणाऱ्या स्प्रिंगा. खिडकीजवळ त्याची आई उशांचे अभ्रे शिवत बसलेली. तो ओठांत बारीक खिळे धरून कापड ठोकत होता. एकेक खिळा जिभेनं पुढे सरकवायचा, चिमटीत धरायचा, टक्! गाल उतरला होता. माणूस बरा दिसत होता की!

“तोंडात काय ते?”

“चुका,” तो खिळ्यांच्या फटीतून म्हणाला. “या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. माझ्या सगळ्या चुका मी तोंडातच ठेवतो. तुम्हाला मात्र त्या लिहून हव्या असतात!”

त्याच्या आईनं मान वर न करता विचारलं, “ही का रे ती दातवाली?”

तो खिळे गिळतो की काय असं तिला वाटलं. म्हणजे घरात आपला विषय झाला होता तर...

खुर्ची दुरुस्त व्हायला चार दिवस पुरले असते. त्याला बरेच लागले. कधी कापडाचा रंग पसंत करायला, कधी बसून बघायला, तिला बोलावणं येत राहिलं. तीही जात राहिली. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि खुर्ची कोपऱ्यात पाय वर करून पडलेली असायची.

“एक प्रश्न विचारू?” एकदा तो म्हणाला. हातात सुई-दोरा, नजर शिवणीवर. “‘गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं?’”

“हा आमच्यातलाच आहे.”

“माहितीये. मी तुम्हाला विचारतोय.”

तिनं कप खाली ठेवला. लिहिताना हा प्रश्न किती सोपा वाटला होता... “कधीकधी,” ती म्हणाली.

“खोटं,” तो हळूच म्हणाला.

ती हसली नाही. तोही नाही. खिडकीतून वारा आला आणि काथ्याचे चार तंतू उडून तिच्या बाहीवर बसले. त्यानं हात पुढे केला, मधेच थांबला, आणि बोटानं नुसतं दाखवलं — “तिथं... लागलंय.”

त्याच दिवशी तिनं त्याला एक गोष्ट सांगितली. नंतर वाटलं, सांगितली नसती तर बरं झालं असतं.

“आम्हाला खोटं बोलणाऱ्यांचा एवढा त्रास होत नाही. गप्प होणाऱ्यांचा होतो. माणूस आजारी पडतो, खचतो, आणि उत्तरं देणंच सोडतो. मागे उरतात ते धडधाकट. मग आकडे म्हणतात, सगळं छान चाललंय. जे गेले ते का गेले, हे कुणालाच कळत नाही.”

त्याच्या हातातला दोरा ताणला गेला आणि तुटला.

“मग तुम्ही काय करता?”

“एक-दोनदा आठवण करून देतो. मग सोडून देतो. गप्प बसण्याचा हक्क असतो माणसाला.”

“बरं आहे की,” तो म्हणाला, आणि सुईत पुन्हा दोरा ओवू लागला. लवकर ओवता आला नाही त्याला.

त्यानंतर खुर्ची आली. टेम्पोनं आली, सोबत तो नव्हता. तिनं फोन केला, उचलला गेला नाही. संध्याकाळी निरोप आला, ‘कामात आहे.’ पुढच्या आठवड्यात तेवढाही आला नाही. मोठ्या मॅडम नव्या गादीवर रेलून म्हणाल्या, “वा! आवाजच गेला की हिचा.” ती मात्र पुन्हा पुन्हा मोबाईल बघत राहिली.

आणि मग, एका दुपारी, नको तो विचार तिच्या डोक्यात आला. नाव नसलं म्हणून काय झालं? धंदा, वय, दाताच्या तक्रारीची तारीख, गप्पांत कळलेला वडिलांचा आजार... चार खुणा टाकल्या की हजारोंतून एक क्रमांक वर येईल. त्यानं उत्तरं सोडलीत का, सोडायच्या आधी शेवटचं काय लिहिलं — सगळं समोर. दोन खुणा टाकूनही झाल्या. बोट बटणावर होतं.

पण दवाखान्यात त्यानं फोन स्वतःहून समोर धरला होता. हे तसं नव्हतं. ही चोरी होती.

तिनं खुणा पुसल्या आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. गालापासून खुर्चीपर्यंत, आणि आत्ताच्या त्या बोटापर्यंत.

मॅडमनी चष्मा काढला. ओरडतील असं तिला वाटलं होतं. “सांगितलंस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “उत्तरांचा तो भाग आता दुसरं कुणीतरी बघेल. तुझ्यासाठी तो बंद. आणि एक सांगू? यंत्राला विचारायला निघाली होतीस ना, ते त्या माणसालाच जाऊन विचार. नाही म्हणाला तर नाही. पण विचार.”

ती गेली तेव्हा उन्हं कलली होती. दुकान उघडं होतं. तो काम करत नव्हता. पोट उसवलेल्या त्याच सोफ्याच्या लाकडी कडेवर बसून होता. तिला पाहून उठला आणि पुन्हा बसला.

“मी तुमची उत्तरं पाहिली नाहीत,” ती आधी म्हणाली. “पाहणार होते, पण पाहिली नाहीत. म्हणून विचारायला आलेय. काय झालं?”

त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली.

“रक्तदाब आधीपासूनच आहे,” तो म्हणाला. “आता मूत्रपिंडावर परिणाम दिसायला लागलाय. सुरुवात आहे म्हणतात. औषधं, पथ्य, चालणं. सांभाळलं तर वर्षानुवर्षं काही होणार नाही म्हणतात. वडिलांनाही असंच म्हणाले होते. आठ वर्षं अंथरुणाला होते ते. आईचं अख्खं आयुष्य त्या खाटेजवळ गेलं. मला कुणाची अशी वर्षं नकोत. तुमची तर नकोतच... म्हणून गप्प झालो.”

“वडिलांचं झालं तसंच तुमचं होईल, असं कोण म्हणालं?”

“तुमचा अभ्यासच म्हणतो. घरात असला की जास्त होतो.”

“माझा अभ्यास हजार माणसांचं सांगतो हो. त्या हजारांतल्या एकाचं काय होणार, ते त्याला अजिबात सांगता येत नाही. तुमचंही नाही, माझंही नाही.” तिचा आवाज चढला. “आणि माझी वर्षं कुठं घालवायची ते तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत? मला एका शब्दानं विचारलंत?”

“तिला काय, मला तरी कुठे विचारलंस?”

दोघांनी वळून पाहिलं. खिडकीजवळ त्याची आई अभ्रा मांडीवर ठेवून बसली होती. ती तिथे आहे हे दोघंही विसरले होते.

“आई, तू —”

“थांब. इतकी वर्षं ऐकतेय, आईचं आयुष्य गेलं, आईचं आयुष्य गेलं. कुठं गेलं रे? मी इथंच होते की!” तिनं सुई अभ्र्यात टोचून ठेवली. “सोपं होतं असं नाही म्हणणार मी. कंबर मोडली माझी. न्हाणीघरात जाऊन रडलेय. पण तुझा बाप त्या खाटेवरून रोज मला चिडवायचा, रोज भांडायचा, आणि मी भाजी घेऊन यायला उशीर केला की दाराकडे डोळे लावून बसायचा. असं वाट बघणारं माणूस किती जणींना मिळतं? ती वर्षं माझी होती. तू त्यांना वाया गेली म्हणू नकोस. मला राग येतो.”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्यानं मान खाली घातली, आणि तळहातानं डोळे पुसले. लपवलं नाही.

आई उठली, चहाचे कप गोळा केले. “दूध आणते,” म्हणाली. दूध होतं दुकानात, हे तिघांनाही माहीत होतं.

ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे उघड्या स्प्रिंगा.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला.

“मलाही वाटते,” ती म्हणाली. “तुम्ही फोन उचलत नव्हतात तेव्हा जास्त वाटत होती.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग हात पुढे केला. या वेळी मधेच थांबला नाही. खिळे ठोकून खरबरीत झालेली बोटं तिच्या बोटांत हळूच गुंफली गेली.

“उद्या डॉक्टरांकडे जायचंय,” तो म्हणाला. “येशील?”

येशील... इतक्या दिवसांच्या ‘अहो-जाहो’नंतर तो शब्द असा सहज आला, की तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं त्याची बोटं घट्ट धरली.

“येईन.”

“परवा?”

“परवा काय आहे?”

“काही नाही.” तो हसला. तेच, थकलेले, काळेभोर डोळे. “परवा काहीच नाहीये. तरी ये. त्यापुढेही ये... मला तू रोज हवी आहेस. बरा असलो तरी, नसलो तरी.”

तिनं जोरात होकाराची मान हलवली.

दाराबाहेरून आवाज आला, “काय म्हणाली रे? इथं काही ऐकू येत नाहीये!”

“हो म्हणाली!” तो ओरडला.

“मग मी दूध आणायला जाऊ का आता खरंच?”

आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. ते पुसायला तिनं हात मात्र सोडवून घेतला नाही.